चवथीचा सेवाखंड

बाबा, तुमच्या खोलीतला पंखा आज सकाळी मी बंद केला. त्याच्याखाली तुम्ही शेवटचे महिने काढले आणि अलीकडे तुमच्या सुनेनेही. तिला जाऊन आज महिना झाला. आता त्या खोलीत कोणी नाही.

तुम्ही शिरगावच्या खाणीवर फिटर होता. मी शिकलो आणि डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतील पंख्यांच्या कारखान्यात कार्मिक अधिकारी झालो, याचा तुम्हाला अभिमान होता. गोवा नुकतेच राज्य झाले होते. कारखान्यातील सूचना मराठीत असाव्यात की कोकणीत, यावर फाटकापाशी रोज वाद होई. तिथल्याच सूचनाफलकावर मी एक सूचना लावली होती: निवृत्त होणाऱ्या कायम कामगाराच्या जागी यापुढे कंत्राटी कामगार घेतला जाईल. तिच्या भाषेवर आठवडाभर चर्चा झाली, मजकुराविषयी कोणी विचारले नाही. आणि मला त्याचे बरेच वाटले.

कंत्राटी कामगाराचे वर्षातले ठरावीक दिवस भरले की तो कायम होण्याचा हक्क सांगू शकत असे. म्हणून ते भरण्यापूर्वीच त्याला काही दिवस कामावरून कमी करायचे आणि नवे कार्ड देऊन पुन्हा घ्यायचे. कार्यालयात याला सेवाखंड म्हणत. हे खंड शिगम्याच्या आणि चवथीच्या सणांत ठेवावेत, ही कल्पना माझी. कामगार आनंदाने गावी जातील, तक्रार उद्भवणार नाही, असे मी टिपणात लिहिले आणि तसेच घडले. आपल्या मागच्या खोलीत राहणारा बेळगावकडचा कामगार, जो मोटारींना तांब्याची तार गुंडाळत असे, दर चवथीनंतर परतताना माझ्यासाठी तिकडच्या कुंदा मिठाईचा डबा आणी. "साहेब, तुमच्यामुळं गणपतीला घरला जायला मिळतंय बघा. दुसरीकडं कोण सोडतंय?" मी डबा घेत असे.

एका वर्षी तो डबा त्याने तुमच्या हाती दिला आणि कौतुकाने नवे कार्डही दाखवले. तुम्ही ते उलटसुलट पाहिलेत. रुजू होण्याची तारीख कालची होती. दुपारी सुनेने पानात कुंदा वाढला, तेव्हा तुम्ही तो बाजूला सारलात. "पुता, हो कुंदो माका नाका. सुटी दिलंस म्हणान तो तुका देता. तू काय दिलंस ता तुका खबर आसा." मी कायद्यातील तरतूद सांगू लागलो. तुम्ही हात धुवायला उठलात. त्या वर्षापासून सुनेनेही तो कुंदा देवापुढे ठेवला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी तुमच्या पंख्याची मोटार जळाली. एका रविवारी तो कामगार ओसरीवर ती उघडून बसला आहे, तुम्ही स्टूल घेऊन शेजारी बसून तार सोडत आहात, आणि तो म्हणतो आहे, "आजोबा, ढिली सोडू नका, तुमच्या साहेबावानी ताठ धरा." तुम्ही हसता आहात. मी खिडकीआड वर्तमानपत्र वाचतो आहे. संध्याकाळी तुम्ही मला एवढेच म्हणालात, त्याला कायम कर. मी म्हणालो, ते वरिष्ठांच्या हाती आहे.

शेवटच्या आठवड्यात तुम्ही एकच प्रश्न केलात. "ताका कायम केलो?" मी म्हणालो, "होय बाबा, केलो." तुम्ही डोळे मिटलेत. सून दारात पेज घेऊन उभी होती. तिने ते ऐकले आणि जन्मभर त्याविषयी एक शब्द काढला नाही.

पुढे करसवलतीसाठी कारखाना दूरच्या राज्यात गेला. कायम कामगारांशी तडजोड झाली. उरलेल्यांना फाटकावर सांगण्यात आले की कंत्राट संपले. तो खोली सोडायला आला तेव्हा तुमच्या तसबिरीला नमस्कार करून म्हणाला, "पंख्याला तेल देत जा, साहेब." जाताना माझ्याकडे मात्र त्याने कुंद्याचा रिकामा डबा परत मागितला.

तुमच्याशी मी खोटे बोललो हे जाणणारी एकच व्यक्ती होती आणि ती गेली. तिलाही मी अर्धेच कळू दिले. वरिष्ठांनी नकार दिला, अशी तिची समजूत होती. हे पत्र तुमच्या खाणीवरच्या बिल्ल्याबरोबर कपाटात राहील. बाबा, मी त्याचे नाव वरिष्ठांकडे कधी पाठवलेच नव्हते.