फिल्टरच्या डब्याचं भोक

सोमवार, ९ नोव्हेंबर

आज जेवताना हे सलग अकरा वाक्यं बोलले. मोजली मी! डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून माझ्या वाट्याला "हं" आणि "पंखा बंद कर" एवढंच येतं. आणि आज अकरा. अकराच्या अकरा वरचीच्या गाडीबद्दल.

वरची म्हणजे वरच्या मजल्यावरची भाडेकरू. सुईण आहे, रीतसर शिकलेली. नदीपलीकडच्या वस्त्यांमध्ये बाळंतपणं करायला जाते. वाटेत रेल्वेपुलाखाली रस्ता खोल जातो आणि जरा पाऊस झाला की तिथे तळं साचतं. गेल्या आठवड्यात पाणी बंपरपर्यंत आलं म्हणे. ह्यांनी ऐकलं मात्र, ताडकन उठले! गाडीची हवा ओढायची जागा खाली, दिव्याच्या मागे असते. तिथून घोटभर पाणी आत गेलं तरी इंजिन खलास. म्हणून पाइप लावून ते तोंड थेट टपापर्यंत वर न्यायचं.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, म्हणून आतला दांडा वाकतो — हे ह्यांनी तिला तिच्याच पिशवीतली सिरिंज घेऊन समजावलं. माझ्या स्वयंपाकघरात. अर्धा तास! "अय्या काका, किती सोपं करून सांगता हो!"

एकतीस वर्षं मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. तिथेच उभी होते, भांडी पुसत. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

बुधवार, ११ नोव्हेंबर

अंगणात पुठ्ठे कापून मापं घेणं चाललंय. ती बॅटरीचा उजेड धरते, हे बॉनेटमध्ये कमरेपर्यंत.

"काका, बाराचा पाना?"

"चौदाचा. नीट बघ की, डोळे काय पिशवीत ठेवलेस?"

आणि दोघं खो खो हसतात. मला असं बोलले असते तर आठवडाभर घरात तोंडं फिरली असती.

लग्नाला चौतीस वर्षं झाली, ह्यांच्या अवजारांच्या पेटीला मी हात लावलेला चालत नाही. एकदा डब्याचं झाकण उचकटायला स्क्रूड्रायव्हर घेतला तर केवढं रामायण! आज वरची त्या पेटीवर बसली होती. चक्क बसली होती, पाय हलवत.

आणि मला "काकू" काय म्हणते! फार तर बारा वर्षांनी लहान असेल.

संध्याकाळी बहिणीचा फोन. म्हणाली, "ह्या वयात कसला गं संशय घेतेस?"

संशय नाहीच. संशय असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. ह्यांच्याकडे एवढं बोलणं शिल्लक होतं आणि मला ठाऊकच नव्हतं — ते खुपतं. पण हे फोनवर कसं सांगायचं?

गुरुवार, १२ नोव्हेंबर

ह्यांनी आज सलग चौथ्या दिवशी दाढी केली.

शनिवार, १४ नोव्हेंबर

पाइप बसला. काचेच्या कडेने वर गेलेला, टपाशी तोंड वळवलेलं. दिसतो हत्तीच्या सोंडेसारखा. पण काम सफाईदार आहे, ते नाकारणार नाही.

मग परीक्षा. ती आत बसून इंजिन चालू ठेवणार, हे स्टुलावर चढून पाइपच्या तोंडावर तळवा दाबणार. सगळे सांधे पक्के असतील तर हवा मिळणार नाही, इंजिन गुदमरून बंद पडेल. सरळ हिशेब.

मी चहा घेऊन दारात होते. ह्यांनी तळवा ठेवला. इंजिनाचा आवाज खाली बसला, गाडी थरथरली — आणि चालतच राहिली! जेमतेम, पण चालत राहिली. म्हणजे श्वास दुसरीकडून येतोय. ह्यांचा एक कान वर्कशॉपने खाल्लेला, आणि ती आत टाळ्या पिटत होती. "झालं!" म्हणाले आणि उतरले. "काका, तुमच्यासारखा माणूस लाखात एक!"

इंजिन तसंच सोडून दोघं हात धुवायला गेले. मी ट्रे ठेवला, बाही वर सारली आणि वाकले. हवा गाळणाऱ्या फिल्टरच्या डब्याच्या तळाला बोटभर भोक आहे. चुकून आत आलेले पावसाचे चार थेंब निथळून जावेत म्हणून कंपनीच ठेवते. पण डबाच पाण्यात बुडाला तर? पाणी तिथूनच आत. टपापर्यंत नेलेली सोंड नुसती शोभेची! बोट लावलं, तर खसकन ओढलं गेलं.

सरळ उभी राहिले तेव्हा हे नळाशी हात पुसत होते.

"काय बघतेस गं?"

"काय तारे तोडलेत ते. चहा निवतोय."

बास. एवढंच बोलले मी.

रविवार, १५ नोव्हेंबर

सकाळपासून पाऊस. सांगितलं नाही.

सांगितलं तर काय होईल, ते डोळ्यांपुढे दिसतं. ह्यांचा चेहरा पडेल. ती म्हणेल, "काकू, तुम्ही भारीच हुशार!" आणि पुढचे दोन दिवस दोघं पुन्हा त्या बॉनेटखाली. नकोच ते. बसू दे एकदा चटका. गाडी बंद पडेल, ढकलत आणावी लागेल, फार तर एवढंच ना.

पाण्याच्या मध्यावर बंद पडली तर ढकलणार कोण, हा विचार जेवताना आला. जेवण गेलं नाही.

तरी मूग गिळून बसले.

सोमवार, १६ नोव्हेंबर

दहा वाजता वरचीला पलीकडून बोलावणं आलं. पहिलटकरीण, पायाळू मूल. दोन दोन पायऱ्या उतरत गेली. मी खिडकीत. काच उघडून एक हाक मारायची होती, एवढंच. "थांब." दोन अक्षरं! गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि माझे हात अजून कडीवर.

तीन तास. वर्गात पोरं गप्प बसावीत म्हणून मी कायम घड्याळाकडे बोट दाखवायची. आज घड्याळाने मला बसवलं.

एकला परतली. दारांवर चिखलाची रेघ, दिव्याच्या खाली चार बोटं. "काका, बोटीसारखी गेली! दोघंही सुखरूप, मुलगी झाली!"

चार बोटं. आणखी चार बोटं पाणी असतं तर ती मुलगी, तिची आई आणि ही...

पहाटेच उठायचं. कुणाला न सांगता बुजवायचं.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

तिची किल्ली जिन्यातल्या खिळ्याला असते. ती उठायच्या आत गेले. बरणीचं रबरी बूच कापून घेतलं होतं, बांधायला तार घेतली होती. बॉनेट उघडलं, खाली हात घातला.

भोक बंद! बूच ठोकलेलं, कडेने लावलेलं सील वाळून दगड झालेलं.

म्हणजे हिला कळलं होतं. गुपचूप बुजवलं, ह्यांना वाईट वाटू नये म्हणून एका शब्दाने बोलली नाही. ओल्या पायरीवर बसले मी. सुटल्यासारखं वाटलं, हे खरं. पण आधी काय वाटलं तेही लिहिते — बाळंतपणं करते, गाडी हाकते, भोकं शोधते आणि माझ्या नवऱ्याचं मनही माझ्यापेक्षा जास्त जपते! मग माझं काय उरलं?

दुपारी ती जिन्यात भेटली. म्हटलं, एकदा तरी मोठेपणा दाखवू. "त्या डब्याचं भोक बुजवलंस ते बरं केलंस हो."

"कसलं भोक, काकू?"

बुधवार, १८ नोव्हेंबर

ह्यांना विचारलं. वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "शनिवारीच बुजवलं. तू वाकून बोट लावलंस तेव्हाच कळलं मला. म्हटलं, ही सांगेल. जेवताना सांगेल, रविवारी सांगेल. सोमवारी ती निघाली आणि तू खिडकीत गेलीस, तेव्हा मी तुझ्या मागेच उभा होतो."