स्वयंपाकिणीचं शेवटचं वाक्य

हॅलिफॅक्स,
४ नोव्हेंबर १९४१

चि. ऑब्रीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या 'कोळशाच्या खोलीतला पाहुणा'चा पहिला प्रयोग काल झाला. तू तिकडे लंडनच्या छपरांवर बाँबनं कुठं आग लागते का याचा पहारा करत बसलास, म्हणून सगळं मीच कळवते. थिएटर भरलं होतं. दुसऱ्या अंकात हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. मॅनेजरांनी पुढे येऊन, ज्यांना आसऱ्याला जायचंय त्यांनी खुशाल जावं, असं सांगितलं, पण कुणी हललं नाही. खून कुणी केला ते कळल्याशिवाय मरायची कुणाची तयारी नव्हती.

आता कबुली देते. शेवटचं वाक्य तालमीत उच्चारलं तर नाटक पडतं, ही आम्हा नाटकवाल्यांची समजूत तुला ठाऊकच आहे. आम्ही त्या जागी 'टम टम' म्हणतो आणि चहाला जातो. त्यामुळे तुझं ते वाक्य कसं लागतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. फौजदार खुन्याला घेऊन गेला. मी, नाटकातल्या घरची स्वयंपाकीण, एकटी उरले. प्रेत सापडलं त्या खोलीकडे पाहून मला म्हणायचं होतं: "अंधार कितीही दाट असो, सत्याचा दिवा विझत नाही." समोर माणसं विषारी गॅसच्या मुखवट्यांचे डबे मांडीवर घेऊन बसलेली. त्यांना हे ऐकवायची मला लाज वाटली रे. तोंडातून निघून गेलं, "गेला बिचारा. पण त्याचं रेशनकार्ड कुठाय?"

पडदा पडला तरी हशा थांबेना. हे वाक्य माझंसुद्धा नाही, आईचं आहे. गेल्या वर्षी बाबांना मूठमाती देऊन आलो, तेव्हा अंगातला कोटही न काढता तिनं हेच विचारलं होतं. तुझी तालीम होती, तू आला नव्हतास, तेव्हा तुला ते ठाऊक असायचं कारण नाही.

आमचे रंगमंचाचे व्यवस्थापक पिकर्सगिल मात्र लालबुंद झाले. नाटकाच्या सरकारी परवान्यात नसलेला शब्द रंगमंचावर बोलणं गुन्हा आहे, तुरुंगाची भाकरी खायचीय का, असं म्हणाले. म्हणून ते वाक्य लगेच परवान्याच्या कचेरीत पाठव. तोवर मला रोज तुझा दिवा लावायचाय, आणि थिएटर रोज गार पडणार आहे.

आई बरी आहे. तुझे पायमोजे विणून झाले, पार्सलानं येतील. लोभ आहेच, तो वाढला तर आम्हाला नको म्हणायचं नाही.

तुझी,
हेस्टर

---

लंडन,
१५ नोव्हेंबर १९४१

ती. हेस्टरताईस,
सा. न. वि. वि.

दोन दिवस तुझ्यावर भयंकर रागावलो होतो. मग इथल्या एका बड्या मॅनेजरचं बोलावणं आलं. तो त्या दिवशी सहाव्या रांगेत बसला होता म्हणे. नाटक बरं आहे, पण मी ते घेतोय शेवटच्या हशासाठी, असं त्यानं तोंडावर सांगितलं. ताई, आपण लंडनात येतोय!

वाक्याला परवाना मिळाला. अर्जात लेखकाचा एकच रकाना असतो, त्यात माझं नाव घातलं. घरातली गोष्ट घरातच राहिली, तू मनाला लावून घेणार नाहीस.

एक कडू घोट आहे. इथं स्वयंपाकिणीसाठी त्याला नावाजलेली बाई हवी आहे, मिस डेल्फीन ऑर्ड. मी भांडलो, पण नवख्या लेखकाचं कोण ऐकतं? मात्र चित्रपट निघाला की स्वयंपाकीण तूच, दुसरी कुणी नाही. शब्द देतो. हे पत्र जपून ठेव आणि मी फिरलो तर माझ्या नाकासमोर नाचव.

आईस शि. सा. न. धाकट्याला पदरात घेत राहावं.

तुझा,
ऑब्री

---

हॅलिफॅक्स,
२० जानेवारी १९४४

चि. ऑब्रीस,
आशीर्वाद.

तुझा चित्रपट इथं लागला. आईला घेऊन काल दुपारी गेले. मिस ऑर्ड यांची स्वयंपाकीण पाहिली. टाचेचे बूट घालून कोळसा उचलते. नखांना रंग आहे. चालायचंच.

शेवटचं वाक्य आलं, सगळे हसले, आणि आई मोठ्यानं म्हणाली, "अगं, हे तर मी म्हणाले होते." जागा दाखवणाऱ्या मुलीनं तिच्या तोंडावर विजेरी मारली आणि गप्प बसायला सांगितलं. मागच्या रांगेतून कुणीतरी, म्हातारीला घरी न्या, असं म्हणालं. घरी येईपर्यंत आईनं माझा हात सोडला नाही.

हे मी गिळलं असतं. पण आज सकाळी शेजारच्या बाईंनी तुझी मुलाखत दाखवली. ते अमर वाक्य तुला वडिलांच्या थडग्याशी उभं असताना सुचलं म्हणे. ऑब्री, मी त्या थडग्याशी उभी होते. आई होती, पाद्री होता, गिरणीतले चौघे होते. तू कुठं उभा होतास?

तुझं ते जपून ठेवलेलं पत्र सोबत परत पाठवतेय. नाचवायची हौस फिटली.

आई आशीर्वाद सांगते. तिचा लोभ तसाच आहे, माझ्याबद्दल ती काही लिहू देत नाही.

हेस्टर

---

लंडन,
९ मार्च १९५८

ती. हेस्टरताईस,
सा. न. वि. वि.

आईच्या मातीला मी आलो होतो, तरी तू माझ्याशी चार शब्द बोलली नाहीस. तेही आता सहा वर्षांचं झालं.

'पाहुणा' गेल्या महिन्यात टेलिव्हिजनवर झाला. ते वाक्य काढायला निघाले होते, रेशन संपलं, आता कार्ड कुणाला आठवतंय म्हणून. मी निक्षून सांगितलं, माझं ते वाक्य नसेल तर नाटकही नाही. राहिलं.

तुमच्या चर्चच्या हॉलमधले हौशी लोक तेच नाटक बसवताहेत आणि मला पाहुणा म्हणून बोलावलंय. स्वयंपाकीण तू करतेयस हे कळलं, आणि खरं सांगतो, डोळे भरले. सतरा वर्षांनी ते तुझ्या तोंडून ऐकायला मिळेल. मी पहिल्याच रांगेत असेन. झालं गेलं सोडून दे, ताई. तुझ्या लोभाला मी पारखा झालोय, तेवढा परत कर.

तुझा,
ऑब्री

---

हॅलिफॅक्स,
६ मे १९५८

चि. ऑब्रीस,

शनिवारी मी असं का केलं, हे विचारायला तू थांबला नाहीस. सांगते.

नाटक बसवणारी मिस सग्डेन चांगली पोरगी आहे. छापील पुस्तक हातात धरून तिनं मला शिकवलं, की शेवटच्या वाक्याआधी दोन क्षण थांबायचं आणि डोळे वर करायचे, लेखकानं तशी सूचना दिलीय. ती सूचना म्हणजे पहिल्या प्रयोगाच्या दिवशी पिकर्सगिलनी नाटकाच्या प्रतीत पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं माझंच थांबणं, तेच पुढे पुस्तकात छापलं गेलं. मी मान डोलावली. वाक्य मात्र तालमीत म्हटलं नाही, जुन्या नाटकवालीची समजूत म्हणून सगळ्यांनी ऐकून घेतलं.

म्हणून शनिवारी मला कुणी अडवू शकलं नाही. मी दोन क्षण थांबले, डोळे वर केले आणि तुझ्याकडे बघून म्हटलं, "अंधार कितीही दाट असो, सत्याचा दिवा विझत नाही." तुझं वाक्य, तू लिहिलेलं, अक्षरही न बदलता. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. ती शांतता तुझी होती, ऑब्री. सतरा वर्षं मी ती तुझ्यासाठी ठेवली होती.

तुला ती तीन क्षणसुद्धा सोसवली नाही. खुर्चीतून उठलास, लोकांकडे वळलास आणि हात पसरून विचारलंस, "पण त्याचं रेशनकार्ड कुठाय?" सगळा हॉल हसला. पाद्रीबाबांनी तुझा हात हातात घेतला. मी रंगमंचावर ओट्याला टेकून उभी होते, आणि माझ्या डोळ्यांदेखत तू ते पुन्हा घेतलंस.

तू ते हसवायला म्हणतोस. मीही तसंच म्हटलं होतं, तो माझा गुन्हा. आई हसवत नव्हती. माणूस गेला की कार्ड कचेरीत जमा करावं लागे, आणि त्यावर बाबांचं नाव होतं. ती ते द्यायला शोधत नव्हती. लपवायला शोधत होती. त्यावर तिनं लोण्याचा एक तुकडासुद्धा कधी आणला नाही. ती गेल्यावर मला ते तिच्या शिवणाच्या डब्यात सापडलं, बटणांच्या खाली.

कार्ड कुठाय, हे तू आजवर साऱ्या इंग्लंडला विचारत आलास. ते माझ्याकडे आहे. तुला मिळणार नाही.

हेस्टर