बाथरूमची कडी आणि अठरा मजले

ती. ताईस,

वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे निम्माच, उरलेला समजून घे). तुझा गुडघा आणि भाऊजींचा खोकला कसा आहे? मी बरा, पण जीव थाऱ्यावर नाही. दोन ओळी लिहितो, उठतो, येरझारा घालतो. येरझारा कसल्या, चार पावलांत भिंत!

आमची इमारत तुला ठाऊकच आहे. अठरा मजले, आणि मजल्यावर माणसं नुसती कोंबलेली. डावीकडचा शेजारी कूस बदलतो आणि करकरतो माझा पलंग. लिफ्टला ही रांग; खाली पोचेपर्यंत कशाला निघालो होतो तेच विसरायला होतं. त्यामुळे ‘एकटा तिथे कशाला कुजतोस, आमच्याकडेच राहायला ये’ असं तू कळवलंस, तेव्हा मी बॅग भरायलाच घेतली होती.

पण परवा सकाळी अंघोळीला गेलो आणि बाथरूमची कडी अडकली. हलेना की सरकेना. फोन बाहेर, घरात दुसरं माणूस नाही. धक्के मारले, खांदा दुखावला, मग (तुला म्हणून सांगतो) रडूच फुटलं. शेवटी झरोक्याला तोंड लावून बोंब ठोकली. सगळ्या मजल्यांचे झरोके एकाच पोकळीत उघडतात (वरच्या वकिलांचं गाणं मला रोज फुकट असतं), पण तिथून कुणी ओ देईल असं वाटलं नव्हतं.

“कडीला साबण लावा!” वरून वकील.

“साबण नको, तेल!” खालच्या नर्सबाई.

झालं! दोघांची जुंपली, त्यात आणखी मजले पडले आणि मी राहिलो बाजूलाच. गारठून मी गप्प झालो तशा नर्सबाई ओरडल्या, “काका, बोलत राहा! काहीही बोला!” मग बोलत सुटलो. काय काय बोललो ते आता लिफ्टमधली माणसं मला सांगतात. अखेर वकिलांनी सुतार आणला. त्याने आधी बाहेरचं, मग आतलं, अशी दोन्ही दारं उचकटली आणि मी टॉवेलवर अख्ख्या मजल्यासमोर प्रकटलो.

तेव्हापासून दाराला कुलूप नाही. येणारा-जाणारा डोकावतो, “काका, आहात ना?” नुसता वैताग! आणि बराच वेळ कुणी डोकावलं नाही, तर मीच दारात जाऊन उभा राहतो.

भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. माझं तिकडे येणं जमेलसं दिसत नाही. तुम्ही दोघंच इकडे या. उजवीकडचं घर रिकामं झालंय. मालकाशी बोलून ठेवलंय.

ता. क. आधीचे भाडेकरू का गेले, हे तू विचारणारच. माझ्या शिंकांना कंटाळून.