सरळ गेलेला चेंडू

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे ते आधी कळव, मग मला काय हसायचं ते हस. या पत्रात हसण्यासारखं आहे, आणि ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच कळवलेलं बरं.

मी नवा ड्रायव्हर घेतला. गोल्फमध्ये पहिला लांब फटका मारायची ती मोठ्या डोक्याची स्टिक. हिने शेजारच्या बाईंना नुसतंच सांगितलं की यांनी ड्रायव्हर आणलाय, तर त्या म्हणाल्या, बरं झालं, आता गाडीला ओरखडे पडायचे नाहीत.

माझं जुनं दुखणं तुला माहीत आहे. चेंडू निघतो बरा, पण अर्ध्या वाटेत त्याला काय होतं कोण जाणे, दात काढायची माझी खुर्ची पाहिलेल्या पेशंटसारखा उजवीकडून निसटतो. तुम्ही शिकवणारी मंडळी त्याला स्लाइस म्हणता. वीस वर्षं मी त्यावर तोडगा म्हणून डावीकडे तोंड करून उभा राहत आलो, म्हणजे वळून वळून शेवटी चेंडू मधोमध येतो. पण हल्ली मधोमधही येत नाही, थेट झाडीत जातो. माझ्याबरोबर खेळणारा वकील तर म्हणतो की त्या झाडीत मला आता कूळ म्हणून हक्क सांगता येईल.

दुकानदाराने माझे दोन-चार फटके पाहिले, या नव्या स्टिकच्या मानेपाशी एक स्क्रू फिरवला, आतलं वजन सरकवलं आणि म्हणाला, आता ही तुमचा चेंडू उजवीकडे जाऊच देणार नाही. दवाखाना बंद केल्यापासून इतक्या आत्मविश्वासाने बोलणारा माणूस मी पाहिला नव्हता.

तुझं मत कळव. लोभ आहेच, तो ठेव. टोमणे कमी केलेस तरी चालेल.

तुझा,
धाकटा


९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मत मागितलंस म्हणून देते. नाचता येईना म्हणून लोक अंगणाला वाकडं म्हणतात, तू तर अंगणच नवं विकत आणलंस.

आयुष्यभर तू पेशंटना काय सांगत आलास ते आठव. महागडा ब्रश घेऊन दात स्वच्छ होत नाहीत, हात कसा फिरवता ते बदला. मग तुझ्या स्वतःच्या हाताला कोणता वेगळा नियम? तुझी पकड सैल, तुझे खांदे एकीकडे आणि पाय दुसरीकडे. चेंडूवर स्टिकचं तोंड उघडं येतं, म्हणून तो उजवीकडे पळतो. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

तू खेळतोस त्याच मैदानावर मी तीस वर्षं लोकांना खेळायला शिकवलं. बँकेचे साहेब शिकले, त्यांच्या सासूबाई शिकल्या. सख्खा भाऊ तेवढा राहिला, कारण त्याला बहिणीकडून शिकायला कमीपणा वाटत होता. तू डावीकडे तोंड करून उभा राहायचास तेव्हा नव्या माणसांना वाटायचं, हे डॉक्टर कॅन्टीनमधल्या कुणाला तरी हात दाखवतायत.

तुझ्या नव्या स्टिकने काडीचाही फरक पडणार नाही, हे लिहून ठेव.

माझा गुडघा उत्तम आहे. जिना रोज चढते-उतरते. यायचं मनात आहे, पण इथं इमारतीत रंगकाम निघालंय, आणि माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नाही.

वहिनीला आशीर्वाद सांग. तिने हा ड्रायव्हर घरात येऊ कसा दिला, तेही विचार.

तुझी,
ताई


२१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितल्याप्रमाणे लिहून ठेवलं आहे. फ्रेम करायचं तेवढं बाकी आहे.

काल दुकानातल्या जाळीत नवी स्टिक चालवून पाहिली. तिथं पायाखाली चटई असते, तिच्यावर रेघा आखलेल्या असतात, त्यावर उभं राहायचं आणि समोरच्या पडद्यावर चेंडूची वाट बघायची. ताई, चेंडू सरळ गेला. एकदा नव्हे, दुकानदाराने दुसरं गिऱ्हाईक आल्याचं सांगून मला खाली उतरवेपर्यंत सरळच जात होता. तुझ्या तीस वर्षांच्या विद्येला एका स्क्रूने उत्तर दिलं. तू मनाला लावून घेऊ नकोस. आमच्याही धंद्यात नवीन यंत्रं आली तेव्हा जुन्या लोकांना जड गेलंच.

येत्या रविवारी स्टिक मैदानावर नेणार आहे. हिलाही घेऊन जातोय. इतक्या वर्षांत ही एकदाही बघायला आली नाही. म्हणते, नवरा झाडीत चेंडू शोधताना बघायला कशाला यायचं, चष्मा शोधताना रोज घरी बघतेच. पण या वेळी कबूल झाली. कॅन्टीनच्या व्हरांड्यापुढे बाक आहे तिथं सावलीत बसवीन. माझा चेंडू त्या बाजूला जन्मात गेलेला नाही, त्यामुळे ती जागा सगळ्यात निर्धोक. ही सोबत वाचायला पुस्तक घेणार आहे. विश्वास तो असा.

रविवारनंतर सविस्तर लिहीन. तोवर माझ्यावर माया ठेव आणि जमलं तर माफी मागायचा सराव कर.

तुझा,
धाकटा


३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हिचा उजवा हात मनगटात मोडला. माझ्या चेंडूने.

स्टिकमध्ये काही खोट नव्हती. दुकानात चटईच्या रेघांनी मला सरळ उभं केलं होतं. मैदानावर रेघा नव्हत्या. वीस वर्षांच्या सवयीने मी डावीकडे तोंड करून उभा राहिलो, मला ते कळलंसुद्धा नाही. पूर्वी चेंडू तिथून वळून परत यायचा. या वेळी तो वळला नाही. जिकडे माझं तोंड होतं तिकडे सुतासारखा गेला, आणि तिकडे ही बसली होती.

वकील ओरडला म्हणून हिने पुस्तकातून मान वर केली आणि हात चेहऱ्यापुढे धरला. डॉक्टर म्हणाले, हात नसता तर डोळाच गेला असता. तेव्हापासून माझ्या डोळ्यापुढे तेच आहे.

सहा आठवडे प्लास्टर. ग्रंथालयाची हिच्याकडे बांधायला आलेली पुस्तकं मागच्या खोलीत तशीच पडली आहेत. सुई, दोरा, खळीचं भांडं, सगळं हिने शनिवारी ठेवलं तसंच आहे. मला त्या खोलीत जाववत नाही.

दवाखान्यात ही माझ्यावर रागावली नाही. बाकावर बसल्या बसल्या हिने एवढंच विचारलं, की चेंडू सरळ गेला का. मी हो म्हणालो. मग अभिनंदन, म्हणाली, आणि एक्स-रेला आत गेली.

स्टिक अडगळीत टाकली आहे. आता या जन्मात खेळणार नाही. काही लिहू नकोस, नुसती माया असू दे.

तुझा,
धाकटा


७ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

लिहू नकोस म्हणालास, तरी लिहिते आहे.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हण मी आजवर बोलण्यात वापरली होती, तू करून दाखवलीस. वहिनीने हात वर केला म्हणून आज तू मला पत्र लिहू शकलास. नाहीतर कोणत्या तोंडाने लिहिलं असतंस?

आता माझं. स्टिकने काही फरक पडणार नाही असं मी ठासून लिहिलं, ते चूक होतं. फरक पडला. तू डावीकडे उभा राहतोस हे मला माहीत होतं, आणि ज्या स्टिकने चेंडू वळायचा थांबतो ती हातात आली की आधी उभं राहणं बदलावं लागतं, हेही माहीत होतं. कोणत्याही नवशिक्याला मी ते पहिल्या दिवशी सांगितलं असतं. तुला मात्र कॅन्टीनचा विनोद सांगितला. विनोद चांगला होता, म्हणून जास्त लागतोय.

पण तुझं हे संन्यास घेणं मला पटत नाही. तू न खेळल्याने तिचं हाड लवकर जुळणार आहे का? सरळ उभं राहायला शिक, म्हणजे दुसऱ्या कुणाचं मोडणार नाही. स्टिक दुकानात ने आणि स्क्रू मधल्या खुणेवर परत आणून घे. डावा हात पकडीवर जरा उजवीकडे फिरव. वरून बघितलं की बोटांच्या मुळाच्या दोन गाठी दिसल्या पाहिजेत. चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत. पायांपुढे एक दांडी आडवी टाक आणि पाय, गुडघे, खांदे तिला समांतर धर. पहिले काही दिवस अर्धाच फटका. जोर कुणाला दाखवायचाय?

मी आले असते, पण रंगकामाचं अजून आवरलेलं नाही.

वहिनीला म्हणावं, मी तिची फार आठवण काढते. तुझ्यावर राग आहे आणि मायाही आहे, दोन्ही सांभाळून ठेव.

तुझी,
ताई


१८ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

अक्षर यांचं आहे, शब्द माझे आहेत. मी सांगेन तसं लिहायचं असं ठरलंय, आणि शेवटी मी वाचून बघणार आहे.

हात दुखतो, पण हातापेक्षा जास्त त्रास तुमच्या भावाचा आहे. खेळायला जात नाहीत, दिवसभर माझ्याभोवती असतात. पाणी हवं का, उशी हवी का, पंखा कमी करू का. परवा मी डोळे मिटून पडले होते तर झोप लागली का विचारायला मला उठवलं. (हे अतिशयोक्त आहे. लेखनिक.) पश्चात्ताप म्हणून माझी पुस्तकं शिवायला बसले. दाढ उपटावी तसा दोरा ओढतात. पहिलं पुस्तक शिवून झालं ते उघडेना, दुसरं मिटेना. ग्रंथालयाच्या बाई सभ्य आहेत, दोन्ही पुस्तकं माझ्या उशाशी परत ठेवून गेल्या.

तुमचं पत्र यांनी मला वाचून दाखवलं. दांडी कुठे टाकायची, गाठी किती दिसल्या पाहिजेत, सगळं बरोबर असेल. पण वन्सं, हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. या माणसाला वीस वर्षांत आपण डावीकडे बघतोय हे कळलं नाही, त्याला ते टपालाने कळणार आहे का?

आणि रंगकामाचं म्हणाल, तर माझी मावसबहीण तुमच्याच गावात असते. मागच्या महिन्यात तिने तुम्हाला बँकेत पाहिलं. तुमच्या हातात काठी होती, आणि तिची नजर पडली तशी तुम्ही काठी खांबामागे ठेवलीत आणि स्वतः खांबाला टेकून उभ्या राहिलात. म्हणजे तुमचा भाऊ नवी स्टिक मिरवतो आणि तुम्ही काठी लपवता. एकाच घरचं पाणी. ज्या मैदानावर तीस वर्षं ताठ मानेने उभ्या राहिलात तिथं लोक लंगडताना बघतील, एवढीच भीती ना? मी तर त्याच मैदानावर सगळ्यांदेखत नवऱ्याच्या हातून आडवी झाले. माझ्याहून जास्त शोभा तुमची व्हायची नाही.

या, आणि यांना सकाळी घराबाहेर काढा. हे बोलावणं नाही, तक्रार आहे.

(काठीचं मला माहीत नव्हतं, ताई. लेखनिक.)

वाचलं. कंस राहू देत. आमच्यावरचा लोभ आता पत्रातून पुरे, समक्ष येऊ द्यावा.

आपली,
भावजय


२२ मार्च

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

इतकी वर्षं तुझ्या तोंडून मी हो-नाहीपलीकडे काही ऐकलं नव्हतं. तोंड शिवलेलं होतं असं वाटायचं. हात मोडल्यावर टाके उसवलेले दिसतात.

रंगकाम जानेवारीतच संपलं. शुक्रवारी सकाळच्या गाडीने निघते. काठीसकट. धाकट्याला म्हणावं, स्टेशनवर हात धरायला पुढे आलास तर तिथूनच परत जाईन. सामान तेवढं घे.

मायेत आहेसच, तशीच राहा.

तुझी,
वन्सं


१६ एप्रिल

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

प्लास्टर निघालं. हे पहिलं पत्र माझ्या हातचं. ओळी उताराला लागल्या आहेत, सांभाळून घ्या. हात पातळ झालाय आणि सुई धरली की थरथरतो, पण डॉक्टर म्हणाले, महिनाभरात पूर्वीसारखा होईल. यांनी शिवलेली पुस्तकं मी उसवायला घेतली आहेत.

तुम्ही गेल्यावर हे आठवड्यातून तीन दिवस खेळायला जातात आणि मला घरात शांतता मिळते. स्लाइस गेली का विचाराल, तर पुरती गेलेली नाही. परवा दोन चेंडू झाडीत गेले असं वकील सांगत होते. हे मात्र घरी येऊन स्टिकला काही बोलले नाहीत. हात धुतले आणि चहा टाकला. सुंभ जळून पीळ उरतो म्हणतात, पण थोडा सैल झालाय.

मैदानावरच्या त्या सकाळचं तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्ही तिथं होतात, पण तुम्हा दोघांची पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे मला दिसलं ते तुम्हाला दिसलं नसेल. मी मागे खुर्चीवर होते. पुढे कुठे बसायची माझी आता छाती नाही. कॅन्टीनच्या व्हरांड्यात तुमचे जुने शिष्य चहाचे कप घेऊन उभे होते. तुम्ही काठी घेऊन आलात तेव्हा एकदोघं एकमेकांशी काही बोलले, ते मी पाहिलं, तुम्हीही पाहिलंत. मग तुम्ही ती काठी सरळ यांच्या पायांपुढे गवतावर आडवी टाकलीत आणि यांना म्हणालात की हिच्याकडे बघून उभा राहा. आणि स्वतः काठीविना, एका पायावर भार देत, यांच्या मागे गेलात.

हे उभे राहिले ते परत डावीकडेच. मला वाटलं आता तुमच्या तोंडाचा पट्टा सुटणार. पण तुम्ही यांचे दोन्ही खांदे धरलेत आणि हळूच उजवीकडे वळवलेत, लहान पोराला केस विंचरताना वळवतात तसे. चौसष्ट वर्षांचा माणूस, ज्याच्यापुढे अख्खं गाव आ करून बसायचं, तो मान खाली घालून वळवाल तसा वळत होता. नंतर तुम्ही हात काढून घेतले नाहीत. तुमचा गुडघा लटपटत होता म्हणून यांना धरून उभ्या होतात. यांना ते कळलं होतं, कारण तुम्ही सांगितलंत तरी हे बराच वेळ फटका मारेनात. मग तुम्ही रागावलात, मागे सरून माझ्या खुर्चीची पाठ धरलीत आणि म्हणालात, आता मार.

चेंडू कुठे गेला ते मला विचारू नका. सगळे तिकडे बघत होते. मी यांच्याकडे बघत होते, आणि मारून झाल्याबरोबर हे चेंडूकडे न बघता वळले आणि तुम्ही नीट उभ्या आहात ना ते पाहिलं.

पावसाळ्याच्या आत परत या. खोली तशीच ठेवली आहे. माझ्याकडून काही कमी-जास्त बोललं गेलं असेल तर ते बोललेलंच आहे, मागे घेत नाही. तरी लोभ असू द्यावा.

आपली,
भावजय