रेडिओच्या टेबलाचा वारस

श्रावणातल्या एका शनिवारी सकाळी मी मारुतीचे दर्शन घेऊन आलो आणि प्रभाकररावांच्या मोटारीत त्यांचा दुरुस्त केलेला रेडिओ बसवून सुरू केला. गाणे लागले. मी म्हणालो, "घ्या, साफ झाला."

प्रभाकरराव म्हणाले, "साफ? पुनाजी, हा शीटी काऊन मारून राह्यला?"

मला शिटी ऐकू येत नव्हती. कान जाळीला लावला, तरी नाही. तेवढ्यात माझी मुलगी सुलोचना दारातून म्हणाली, "बाबा, व्हॉल्व्हवरचं पत्र्याचं टोपण बसवाचं राह्यलं." सेटमधल्या काचेच्या व्हॉल्व्हचे ते टोपण खरेच टेबलावर पडले होते. ते बसवल्यावर प्रभाकररावांचा चेहरा निवळला, त्यावरून मला शिटी थांबल्याचे कळले.

तेव्हापासून चैन नाही. आधी दिलेले सेटही असेच शिट्या मारत असतील काय, म्हणून मी लोकांच्या घरी सहज आल्यासारखा जातो, "कसा वाजते?" विचारतो. ते "चांगला" म्हणतात आणि माझा विश्वास बसत नाही. म्हणून हे लिहितो.

मी, पुनाजी वल्द नत्थूजी ढगे, वय एकोणपन्नास, धंदा घरगुती व मोटारीतले रेडिओ दुरुस्ती, राहणार देवळी, जिल्हा वर्धा, बुद्धीने सावध, शरीराने धड, कानाने मात्र अर्धा, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो की माझ्या स्वकष्टाच्या मिळकतीची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी. माझी पत्नी रुख्माबाई वारली आहे. मुलगा नाही. सुलोचना विधवा असून माझ्याजवळ राहते.

कलम १. दोन खोल्यांचे घर सुलोचनेला. पलीकडे माझे थोरले बंधू डोमाजी राहतात. मधल्या भिंतीतले दार त्यांनी दोनदा रागाने बंद केले आणि दोनदा स्वतःच उघडले. त्याला कुलूप लावण्याचा खर्च कोणी करू नये.

कलम २. पोस्टातली शिल्लक सुलोचनेला. त्यातून गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्यात माझ्या नावाने एक चादर चढवावी. मध्यंतरी मी तिथे कान मागायला गेलो होतो. वर जाऊन बसलो, वारा होता, आणि काय मागावे तेच ठरेना. न मागता उतरलो. तेव्हा चादर नवसाची नाही.

कलम ३. घरातला मोठा रेडिओ डोमाजींना. अट एकच, बिघडला तर सुलोचनेकडेच आणावा. दुसऱ्याकडे नेल्यास तो तिने परत घ्यावा.

कलम ४. सायकल व लग्नाकार्यात लावायचा भोंगा पुतण्या प्रेमदास याला. मुलगा वाईट नाही, त्याला मोठ्या आवाजाची आवड आहे. पण सेट बंद पडला की तो आधी व्हॉल्व्ह बदलतो आणि मग विचार करतो.

कलम ५. टेबल, मीटर, स्क्रू फिरवायचा पेचकस, डाख देण्याची सळई व सुट्या सामानाचे डबे सुलोचनेला. सोबत माझी रीत. आधी बॅटरी, मग फ्यूज, मग मोटारीच्या पत्र्याशी जोडलेली तार घासून पाहावी. इंजिन बंद असताना रेडिओ साफ आणि सुरू केल्यावर करकर, तर रेडिओ उघडू नये, खोड मोटारीची आहे. आवाजच नसेल तर स्पीकरपासून मागे मागे यावे. आवाजाच्या बटणामागच्या मधल्या टोकाला बोट लावले की स्पीकर घुमला पाहिजे. घुमला तर पुढचे सगळे ठीक, दोष मागे आहे. एक हात नेहमी पाठीशी ठेवावा, व्हॉल्व्हला मिळणारी वीज दया करीत नाही. आणि सेट उघडण्याआधी देवाचे नाव घ्यावे. त्याने सेट सुधारत नाही, हात शांत होतो.

कलम ६. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा ज्याच्या हातून होते, धंदा त्याचा मानतात. मला मुलगा नाही म्हणून ती प्रेमदास करीत आला. एका वर्षी त्याने नारळ मीटरवरच फोडला, पाणी आत गेले, काटा अजून शून्यावर येत नाही.

काल दसऱ्याला डोमाजी त्याला नारळासह घेऊन आले. मी पूजेचे ताट सुलोचनेपुढे ठेवले.

डोमाजी म्हणाले, "विधवेच्या हातानं कुंकू? अन् पोरीले पेचकस देऊन राह्यला काय रे पुना? मोटारीखाली निजाचं काम हाय ते."

"रेडिओ मोटारीखाली नसते, मोठेबाबा," सुलोचना म्हणाली.

प्रेमदास हसला. डोमाजी हसले नाहीत. सुलोचनेचा हातही कुंकवाकडे जाईना. तिच्या लग्नानंतर चौथ्या वर्षी कुंकवाची डबी तिच्यापुढून उचलली गेली होती.

मी म्हणालो, "लाव माय. देवापाशी जवाब मी देईन."

तिने पेचकसाला, सळईला आणि मीटरला कुंकू लावले. नारळ बाहेर पायरीवर फोडला. डोमाजी प्रसाद न घेता गेले, पण मधल्या दाराने गेले आणि ते उघडे ठेवून गेले.

सबब कलम ५ माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. त्यातली मालमत्ता आज सकाळी मी सुलोचनेच्या ताब्यात दिली आहे. टेबलाशी खुर्चीवर ती बसते. मी बाजूच्या स्टुलावर बसून सामान हाती देतो.

हे मी स्वतः लिहिले, वाचले आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

(सही) पुनाजी नत्थूजी ढगे

साक्षीदार:
(सही) प्रभाकरराव देशमुख, देवळी
(सही) रूपराव कोल्हे, देवळी

मुक्काम देवळी, आश्विन शुद्ध ११, शके १८७९