वाडीचं जेवण तराजूत

७ जानेवारी १९८२, गुरुवार

तराजू! मला वाटलं होतं औषधं येतील, निदान कापसाचे गठ्ठे तरी. मुंबईच्या डॉक्टरीणबाई आल्या त्या एक पितळी तराजू, वजनांची डबी आणि छापील कागदांचा भारा घेऊन. वरून पत्र आलंच होतं — तीन महिने, दर गुरुवारी, खालापूरच्या नर्सने सोबत फिरावे. म्हणजे मी.

नाव डॉ. हेमलता कोठारे. चाळिशीच्या असतील. चष्मा, सुती साडी, आणि पायात कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट! एस.टी. स्टँडवरची सगळी माणसं आधी बुटांकडे बघत होती, मग तोंडाकडे.

काम काय, तर कातळवाडीतल्या ठाकर आदिवासींच्या बावीस घरांत कोण काय खातं ते लिहायचं. नुसतं लिहायचं नाही, तोलायचं. कुठल्या तरी भूमध्य समुद्राकाठच्या लोकांना काही प्रकारचे कॅन्सर कमी होतात म्हणे. ती माणसं पालेभाजी, कडधान्य, भरडं धान्य, मासे असं खातात. मटण क्वचित. तेल ऑलिव्ह नावाच्या फळाचं. त्यामुळेच होतं का, की आणखी कशामुळे, आणि आपल्याकडे काय — ते बघायचं.

"म्हणजे अजून खात्री नाही?" मी विचारलं.

"खात्री असती तर तराजू कशाला वाहून आणला असता, शकूबाई?"

बाई बऱ्या दिसतायत.

८ जानेवारी

काल वाडीची वाट नुसती बघून आलो, तर पाय मोडून आलेत. चपलेचा अंगठा तुटला तो वेगळाच. बुटांना हसायला नको होतं.

१४ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. बाईंना तिळगूळ दिला. तोंडात टाकायच्या आधी त्यांनी तो तळहातावर उडवून बघितला — वजनाचा अंदाज घेत होत्या! मी हसले तर म्हणाल्या, "सवय लागली हो."

वाडीत पहिलं घर भागीचं. भागी माझ्याच वयाची, पण डोक्यावर मोळी घेऊन चढ चढते आणि वर बोलतही राहते. तिचा नवरा पोशा नुकता जेवायला बसला होता. बाईंनी त्याच्यापुढची नाचणीची भाकर उचलून तराजूत ठेवली. पोशाचा हात तसाच वर!

"माजी भाकर कुटं नेली?"

"तोलतायत," मी म्हटलं.

"का? जास्त झाली का काय?"

मग माठाची भाजी तोलली, वालाची आमटी मापात ओतली, सुकट मोजली. तेल कोणतं? खुरासणीचं, घरच्या शेतातलं. मटण? "ससा गावला तर," पोशा म्हणाला, "पन आता ससं बी हुशार झाल्यात." बाईंचा चेहरा उजळत चाललेला. शेवटी राहवेना. "शकूबाई, हे जवळजवळ तसंच जेवण आहे हो! त्या समुद्राकाठच्या गावांसारखं!"

भागीला समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली —

"मंग ती मान्सं बी आमच्यावानी गरीबच का गं?"

बाईंचं पेन थांबलं.

उतरताना बाईंनी मला म्हटलं, तुमचाही एक कागद भरू. जेवणाच्या रकान्यांत मी पहिली! पालेभाजी रोज, कडधान्य रोज, मासे आठवड्यातून तीनदा. "उत्तम," म्हणाल्या. मग तंबाखूचा रकाना आला.

"मशेरी लावता?"

"दोनदा," मी म्हटलं.

चार वेळा लावते. पण नर्सने भाजलेली तंबाखू चार वेळा दातांना घासते असं मुंबईच्या डॉक्टरला कुठे सांगायचं! आई लावायची, आजी लावायची. मशेरीशिवाय सकाळ उजाडतच नाही.

२१ जानेवारी, गुरुवार

पकडलं! बाईंच्या पिशवीत तेलकट कागद. कर्जत स्टेशनवर गाडी बदलताना दोन बटाटेवडे, आणि परतताना पुन्हा दोन. दुपारचं जेवण नाही. रात्री उशीर झाला की चहा-बिस्किटं. लोकांच्या ताटातला पाला तोलणारी बाई!

"हे कागदावर लिहू नका हं," म्हणाल्या, आणि कानापर्यंत लाल झाल्या.

मी लिहिलं. नावाच्या जागी — "मुंबईची एक बाई."

भागीला सांगितल्यावर तिने कपाळावर हात मारला. आजपासून गुरुवारी बाईंनी तिच्याकडे जेवायचं ठरलं. आधी जेवायचं, मग तोलायचं. बाई म्हणाल्या, जेवल्यावर काय तोलणार? भागी म्हणाली, "तुलाच बसव की तराजूत."

२८ जानेवारी, गुरुवार

पोपटी! पोशाने दुपारीच शेतात मडकं लावलं. वालाच्या शेंगा, चार अंडी, बटाटे, भांबुर्ड्याचा पाला, वर ओवा-मीठ आणि हिरवी मिरची. तेल नाही, पाणी नाही. मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवला. बाई सारख्या विचारत होत्या, "थेंबभरही तेल नाही?" त्यांना मडकं तोलायचं होतं. तराजू पुरेना. शेवटी पोशाने मडकं एका हातात धरलं, दुसऱ्या हातात तिसरीतला भागीचा नातू उचलला आणि सांगितलं, "सारखंच हाय."

मग बाईंनी त्यांची बाटली काढली. ऑलिव्हचं तेल! एवढीशी बाटली, औषधाच्या दुकानातली — मुंबईत म्हणे लहान मुलांच्या अंगाला लावतात. भागीने बोटावर घेऊन चाटलं.

"वास नाय, तिखट नाय. ह्याला तेल कशापायी म्हनायचं?"

पोशाने मागून घेतलं आणि दोन्ही गुडघ्यांना चोळलं. म्हणाला, बरं वाटतं. बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

एक गोष्ट लक्षात राहिली. पोशाने शेंगा खाल्ल्या नाहीत. मिरचीचा डाग लागलेला बटाटाही बाजूला सारला. "झोंबतंय," म्हणाला.

४ फेब्रुवारी, गुरुवार

मी त्याला अंगणात उजेडाला बसवलं आणि तोंड उघडायला लावलं. पुरतं उघडतच नाही. टॉर्च मारला. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा, रुपयाएवढा. तंबाखू-चुन्याची गोळी तो तिथेच धरतो, गेली पंचवीस वर्षं.

बाईंना हाक मारली. त्यांनी बघितलं. मग चष्मा सारखा करून पुन्हा बघितलं. तोंड तपासणं त्यांच्या कागदांत नव्हतंच.

"लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवू. काही नसेलही. पण बघायला हवं."

पोशा उठला, कोयता घेतला आणि रानात गेला. बाई जाईपर्यंत आला नाही.

११ फेब्रुवारी, गुरुवार

पोशा घरी नाही. "लाकडाला गेला," भागी म्हणाली. तेवढ्यात वर माळ्यावरून कोणीतरी खोकलं.

"मांजर हाय," भागी म्हणाली.

बाई वर बघून म्हणाल्या, "मांजराला सांगा, मी पुढच्या गुरुवारी पण येणार आहे."

उतरताना मात्र त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी इथे भाकऱ्या तोलत बसलेय. जेवणाने धोका थोडाफार कमी-जास्त होत असेल, तेच शोधतेय मी. पण तंबाखूचं तसं नाही. ते शोधायचं राहिलेलं नाही, शकूबाई. ते माहीत आहे." मग — "तुम्हीही सोडा ना."

बघू, म्हटलं.

१४ फेब्रुवारी

मशेरी बंद! पहिला दिवस. काही विशेष नाही. लोक उगाच बाऊ करतात.

१५ फेब्रुवारी

डोकं.

१६ फेब्रुवारी

सकाळी दुधाचं पातेलं आपटलं. हे साजगावच्या कारखान्यातून पाळी करून आले होते, त्यांच्यावर ओरडले — चहा ढवळताना चमचा वाजवला म्हणून. ते शांतपणे उठले, फडताळातून मशेरीची डबी काढून माझ्यापुढे ठेवली.

"घास गं बाई, घास. कारखान्यातला भोंगा परवडला."

घासली. काय सांगू, कसं बरं वाटलं! बाईंना कळवायची गरज नाही.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

आज मांजर माळ्यावर नव्हतं. शेजारच्या घरात होतं.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

आज भागीचा तोल सुटला. पोशा दारात सापडला तसा तिने त्याचा दंडच धरला.

"जैतूभावजी असाच पळत व्हता! तोंडाला घान सुटली तवा दवाखान्याला निघाला. मी धुतलं त्याचं तोंड, मी! आता तुजं बी मीच धुवायचं का?"

जैतू म्हणजे पोशाचा थोरला भाऊ. मला हे ठाऊकच नव्हतं. पोशा खाली बसला. म्हणाला, "त्याला मुंबईत कापला. तो आलाच नाय परत. न कापता मेला असता तर घरात मेला असता."

बाई म्हणाल्या की तो फार उशिरा पोचला असेल, पण त्यांचा आवाज खोल गेला होता. पोशाची खाली गेलेली मान मला बघवेना. माझ्या तोंडून निघून गेलं —

"मी आधी बसते. माझा तुकडा काढतील बाई. तू समोर उभा राहून बघ. मग तुझा."

"नर्सबाय खोटं बोलती."

"तू ये तर खरा."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग भागीकडे. "बूटवाल्या बाईनं दुखवलं तर मी पळनार," म्हणाला.

म्हणजे हो!

४ मार्च, गुरुवार

झालं एकदाचं!

पोशा आणि भागी पहाटेच निघून खालापूरला दवाखान्यात आले. पोशाने धुतलेला सदरा घातला होता. बाईंशी मी आधीच बोलून ठेवलं होतं — माझं नुसतं नाटक करा, टॉर्च मारा, कापसाने पुसा, झालं. त्या म्हणाल्या, ठीक.

बसले. आ केला. बाईंनी टॉर्च मारला. खालचा ओठ ओढून हिरडीपाशी बघितलं. बघितलं ते बघतच राहिल्या. माझी मान अवघडली. मग हळूच म्हणाल्या, "शकूबाई, तुमचाही खराच घेते हं. नाटक अर्धवट नको."

केवढी नाटकाची हौस! पण पोशा समोर उभा, नाही कसं म्हणणार? सुई टोचली, ओठ बधिर झाला, चिमटा लागल्यासारखं वाटलं. मी मुद्दाम पाय आपटले. पोशा एवढा खूश झाला की टाळीच वाजवली. "नर्सबाय भित्री हाय!" म्हणाला आणि आपणहून खुर्चीत बसला. हूं की चूं केलं नाही.

दोन बाटल्या झाल्या. त्याने वाकून बघितलं.

"कुनाचा मोठा?"

"तुझा," बाई म्हणाल्या.

घरी जाताना तो छाती काढून चालत होता. मी बोबडं बोलत होते, ह्यांची दिवसभर करमणूक झाली.

९ मार्च

होळी. वाडीवरचे ढोल खालपर्यंत ऐकू येतायत. भागीचा निरोप आला — पोशा नाचायला उठलाच नाही.

११ मार्च, गुरुवार

बाई आल्या नाहीत. निरोपही नाही. दहा गुरुवारांत पहिल्यांदाच. मी दोन गाड्यांपर्यंत स्टँडवर उभी राहिले.

हे म्हणाले, "बूट फाटले असतील." हसले मी. पण वाडीत जाऊन पोशाला काय सांगायचं? तो वाटेकडे बघत उभा होता, मी एकटीच येतेय हे दिसल्यावर आत गेला. भागीने बाईंसाठी बाजूला ठेवलेली भाकर मला वाढली.

वाईट असेल तर त्याला कोणत्या शब्दांत सांगायचं, ते परत येताना सगळी वाट जुळवत होते.

१६ मार्च, मंगळवार

बाई आज आल्या. तराजू आणला नव्हता. सरळ माझ्या घरी.

पोशाला कॅन्सर नाही. तंबाखू सोडायची आणि दर तीन महिन्यांनी तोंड दाखवायचं.

मला आहे. अगदी लहान आहे, काढून टाकता येईल म्हणाल्या, वेळेवर सापडलं. बोलताना माझा हात धरून होत्या. सोमवारी मुंबईला, त्या स्वतः न्यायला येणार.

भागी पोशाचं काही कळलं का ते विचारायला खाली आली होती. ऐकलं आणि उंबऱ्यातच बसून रडली. मग बाईंनी माझं सांगितलं, तशी रडायची थांबली. उठून आत आली, आणि माझी पिशवी भरायला लागली.