काटा कुठे थांबवायचा

६ नोव्हेंबर
कळंबोलीत परत. अण्णांनी दार उघडलं. 'जेवलास का' नाही, काही नाही. म्हणाले, "रेडिओ बंद आहे." आईचा तो जुना लाकडी. पुढच्या आठवड्यात तिचं वर्षश्राद्ध, त्याच्या आत चालू पाहिजे म्हणे. मेकॅनिकने हात वर केले.
"आवाज येतो, काटा हलत नाही. जमेल तुला?" मग स्वतःच, "तुझं एक तरी काम कधी पुरं झालंय?"
रेडिओ बंद तर घरात सुतक. मी एवढा काळ ट्रकवर बाहेर, मला कोणी असं ठोकून नाही बघितलं, चालू आहे का बंद.

७ नोव्हें.
मागचा पुठ्ठा काढला. जळमटं, झुरळांची अंडी, आईची केसातली पिन. बटण फिरवलं की दोरी चाकावरून सरकते, दोरीला काटा अडकवलेला. ते चाकच खारी बिस्किटासारखं फुटलंय. तुकडे पेपरवर मांडून जोडत बसलो. एक कमी. चहाबरोबर खाल्ला की काय.
ताई खालच्या मजल्यावर राहते, डोकावून गेली. "ट्रकवाल्यांनी हे पण शिकवलं वाटतं?"

८ नोव्हें.
तुकडे घेऊन नावड्याला निघालो, नासिरभाईंच्या लेथवर. नाक्यावर पंडित ड्रायव्हर भेटला, न्हावा शेव्याला कंटेनर सोडायला चाललेला. चढलो. क्रेन बघत राहिलो, केवढाले डबे, काड्यापेट्या उचलाव्यात तसे. दिवस गेला. तुकडे खिशात तसेच.
अण्णांनी माझ्या खिशाकडे बघितलं आणि आत गेले. बोलले असते तर बरं.

९ नोव्हें.
नासिरभाईंनी तुकडे तळहातावर घेतले. "हा काय, भुगा आनलास?"
पितळेचं करून देतो म्हणाले.
"आता रेडिओ कोन ऐकतो रे?"
"बाप."
"मग नीट कराया पायजे."
आल्यापासून माझ्याशी धड बोललेला पहिला माणूस.

१२ नोव्हें.
चाक बसलं. दोरी दोनदा सुटली, स्प्रिंग उडून कपाटाखाली. तिसऱ्यांदा जमलं. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत, जराही अडकत नाही. मग जोर चढला, सगळा रेडिओ साफ केला. लाकडाला तेल, काचेला स्पिरिट. दसऱ्याच्या पूजेचं कुंकू जागोजागी वाळलेलं. आमच्याकडे शेगडीपासून लाइटच्या मीटरपर्यंत सगळ्यांना लागतं. घासून काढलं.
पुरं झालं एक काम. अण्णा झोपलेत. सकाळी तोंड बघायचंय त्यांचं.

१३ नोव्हें.
बघितलं.
अण्णांनी बटण फिरवलं. काटा सरकला तसे जरा हसले, खरंच हसले. मग चष्मा काचेला टेकवून शोधायला लागले.
"ठिपका कुठाय?"
"कसला?"
"कुंकवाचा. काचेवरचा."
"पूजेचा ना? पुसला."
बटणावरचा हात तसाच राहिला त्यांचा.
ताईने जिन्यात गाठून सांगितलं. आईला वाचता येत नव्हतं. काचेवरचे आकडे तिला काय कळणार, म्हणून भजनाचं स्टेशन जिथे लागायचं तिथे तिने कुंकू लावून ठेवलं होतं.
"मग परत शोधू. भजन लागलं की कळेल."
"ते स्टेशन कधीच बंद पडलं, गण्या. तिथे नुसती खरखर होती. आई गेल्यापासून अण्णा रोज सकाळी काटा तिथे आणून ती खरखर ऐकायचे. तुला कुठून माहीत असणार? तू होतास कुठे?"

१४ नोव्हें.
वर्षश्राद्ध. पानं वाढायच्या आधी देवघरातलं कुंकू घेतलं. अंदाजाने काचेवर, डावीकडे जरा, ठिपका लावला. अण्णा बघत होते. उठले, अंगठ्याने पुसला.
"हा तुझा झाला."
शिवी परवडली असती.

१५ नोव्हें.
पंडितचा फोन. उद्या सोलापूरची गाडी, येतोस का. हो म्हणालो. मग, सांगतो म्हणालो. बॅग अजून उघडलेलीच नाही, भरायचा प्रश्न नाही.
अण्णा सकाळपासून रेडिओपुढे. काटा नेतात, थांबतात, कान लावतात, परत हलवतात. माझं चाक एवढं छान फिरतंय की कुठेच अडत नाही. सगळीकडे तीच खरखर.
आत्ता मान न वळवता म्हणाले, "इथे होतं का रे?"
मला विचारतायत. मला काय माहीत.
जाऊन शेजारी बसलो. "जरा मागे घ्या," म्हणालो.